तीर्थाटनाचं अंदाजपत्रक

प्रवासाला निघण्याआधी जो माणूस वही घालतो तो प्रवासाला निघेलच असं सांगता येत नाही. वही मात्र नक्की पुरी होते. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात कोरा कागद दिसला की आधी मधोमध उभी रेघ ओढतो. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. त्या रेघेच्या दोन्ही अंगांना काय लिहायचं हा विचार नंतरचा. माझ्या लग्नाच्या पत्रिकेचा कच्चा मसुदासुद्धा असाच निघाला होता आणि तो पाहून सासरेबुवा "जावई हिशेबी आहेत" असं जे म्हणाले होते, तो सूर कौतुकाचा होता की काळजीचा, याचा निकाल अजून लागायचाय.

या हिवाळ्यात वहीच्या नव्या पानावर मथळा पडला : 'द्राक्षप्रदेशाचा दौरा, दिवस नऊ.'

कल्पना सौभाग्यवतींची. सरकारी नोकरांची जी एलटीसी तीच आम्हा बँकवाल्यांची एलएफसी. ठरावीक वर्षांत एकदा सहकुटुंब हिंडून यायचं आणि भाडं बँकेकडून घ्यायचं. भाडं बँकेचं आहे म्हटल्यावर मराठी माणूस जवळ कधीच जात नाही. त्या न्यायानं आम्ही काश्मीर पाहिलं, कन्याकुमारी पाहिली आणि दोन्हीकडे आगगाडीतच जास्त दिवस राहिलो. यंदा ही म्हणाली, "या वेळी जवळच जाऊ, पण सावकाश. आमच्या शाळेतल्या बाई फ्रान्सला जाऊन आल्या. द्राक्षांच्या मळ्यांतून हिंडल्या, जागोजाग घोटघोट चाखलं म्हणे. आपल्याला फ्रान्स झेपायचं नाही. पण नाशिक काय वाईट आहे? कसारा घाट चढला की झालं."

डोंबिवलीच्या माणसाला कसारा घाट ही सरहद्दच वाटते. तेव्हा परदेशप्रवासाची निम्मी अट तिथंच पुरी होत होती.

पहिला प्रश्न, जायचं कधी? फ्रान्सात द्राक्षं उतरतात ती सप्टेंबरच्या आसपास. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोड चालते जानेवारी ते मार्च. याचं कारण मोठं गमतीचं आहे. थंड मुलखातली वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपी जाते. आपल्याकडे तिला झोप आणणारी थंडीच नाही. मोकळी सोडली तर बारा महिने वाढतच बसेल. म्हणून आपला शेतकरी तिला कात्रीनं झोपवतो आणि कात्रीनंच उठवतो. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी बहाराची छाटणी. छाटणी दोनदा, पीक एकदा. आमच्या बँकेत ऑडिटही वर्षातून दोनदा येतं, पण गोडी बहार धरल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा महिना ठरला फेब्रुवारी. पावसाळ्यात नाशिक हिरवंगार दिसतं, पण वेलीवर बघायला काही नसतं; एप्रिलात जावं तर बागेची हजामत झालेली. वारही आठवड्याच्या मधले धरले, कारण शनिवार-रविवारी सगळी मुंबई तिथं लोटते. मग कोरडे दिवस पाहिले. २६ जानेवारी, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, या दिवशी महाराष्ट्रात घसा कोरडा ठेवावा लागतो. शिवाय कुठली निवडणूक असली की मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंद. आता आपल्याकडे कुठली ना कुठली निवडणूक कधी लागेल हे द्राक्षबागायतदारांनाही आधी कळत नाही, तिथं कारकुनाची काय कथा! महाशिवरात्रही टाळली. ती वाइनसाठी नव्हे, त्र्यंबकेश्वराच्या रांगेसाठी. त्र्यंबकेश्वर या हिशेबात कुठून आलं ते पुढे येईल.

दुसरा प्रश्न, जायचं कुठं कुठं? नकाशावर खुणा करत गेलो तशी लक्षात आलं की हा प्रदेश म्हणजे एक गाव नव्हे, चार-पाच पेठा आहेत. घाट चढल्यावर इगतपुरी तालुक्यात संजेगाव-कावनईकडची पेठ. मुकणे धरणाच्या पाण्याच्या शेजारची. मग नाशिकची खाशी पेठ, गंगापूर धरणाच्या अंगाची. तिथं सुला, यॉर्क, सोमा. उत्तरेला दिंडोरी, तिथं मोएट हेनेसी या फ्रेंच कंपनीची शाँदाँ. तिची फसफसणारी वाइन आपल्या बाजारात आली २०१३ साली. पूर्वेला निफाड तालुका. तिथं विंचूरला एमआयडीसीनं वाइन पार्कच बसवलंय. राज्य सरकारनं २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण काढलं, त्यातलंच ते पिल्लू.

खरं तर या सगळ्याचं मूळ नाशिकला नाही, नारायणगावला. १९८० च्या दशकात तिथं शातो इंडाज कंपनीनं फ्रेंच जाणकार आणून फसफसणारी वाइन बनवली आणि 'उमर खय्याम' या नावानं परदेशात विकली. पुढं ती कंपनी बुडाली. पण ज्या रस्त्यानं आपण जाणार त्या रस्त्यावर पहिलं पाऊल कुणाचं पडलं हे माहीत असावं म्हणून नारायणगावही वहीत घेतलं. आणि शेवटी थेट सोलापूर जिल्ह्यात अकलूज. तिथली फ्रातेल्ली. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊभाऊ. आपल्याकडे भाऊ आणि जमीन हे दोन शब्द शेजारी आले की तिसरा शब्द कोर्ट असतो. इथं तो वाइन आहे, म्हणून तेवढ्यासाठी तरी पाहून यावं.

यादी आमच्या हेडकॅशिअरना दाखवली. हा गृहस्थ नोटा मोजण्याच्या वेगानं आयुष्य जगतो. अष्टविनायक दीड दिवसात उरकून आलेला माणूस. यादीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "नऊ दिवस? अहो, रोज पाच उडवलेत तर तीन दिवसांत घरी!"

आता हिशेबाच्या बाबतीत मी कुणाला सोडत नाही. म्हटलं, बसा. एका ठिकाणी चाखायला पाच प्रकार देतात असं धरू. एका प्रकाराचे पन्नास मिलिलिटर धरू. पाच ठिकाणं, पाच प्रकार, पंचवीस गुणिले पन्नास म्हणजे सव्वा लिटर. बाटली पाऊण लिटरची. म्हणजे दिवसाकाठी माणशी दीड बाटलीच्या वर. गणपती पाच पाहिले तर पुण्य वाढतं, मस्तक फिरत नाही. इथं तिसऱ्या ठिकाणीच देव कोण आणि भक्त कोण हे कळेनासं होईल. आणि गाडी कोण हाकणार? कायद्यानं शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोलपर्यंतच चालतं. त्यावर सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच खेपेला दहा हजारांपर्यंत दंड, नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

हेडकॅशिअर गंभीर झाले. "दंडाची पावती एलएफसीत लावता येत नाही ना?" म्हणाले.

तेव्हा नियम ठरला : दिवसाला दोन. अकराच्या सुमाराला एक, कारण सकाळी जीभ ताजी असते. मग पोटभर जेवण, वामकुक्षी आणि चार वाजता दुसरी. पहिली मोठी धरायची, तिथं माहितगार पोरगा सगळा कारखाना हिंडवून दाखवतो, स्टीलच्या टाक्या, लाकडी पिंपं, दाबयंत्र. दुसरी लहान धरायची, तिथं गर्दी नसते आणि नशीब असेल तर ज्यानं वाइन केली तोच पेल्यात ओततो. लहान ठिकाणी आधी फोन करून जायचं. लग्नाला न बोलावता गेलं तर जेवायला मिळतं, इथं मिळेलच असं नाही. गाडी ड्रायव्हरसकट भाड्यानं घ्यायची. आणि दर तीन दिवसांनी एक दिवस काहीच नाही. त्या दिवशी फक्त मिसळ खायची. नाशिकला जाऊन मिसळ न खाणं हा कुठल्याच कलमात न बसणारा गुन्हा आहे.

परवान्याचंही वाचून ठेवलं. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आपल्याकडे अजून जागा आहे. दारू प्यायला रीतसर परवाना लागतो, आणि तो मिळतो कशासाठी, तर प्रकृतीच्या जपणुकीसाठी! माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी प्रकृती इतकी जपली की ती शेवटी हाती लागली नाही.

अभ्यास पुढे चालला तसा शब्दांचा प्रश्न उभा राहिला. वाइन नुसती पिऊन भागत नाही, तिच्याबद्दल बोलावं लागतं. पेला देठाला धरायचा, गरगरा फिरवायचा, नाक आत घालायचं आणि मग काय काय वास आला ते सांगायचं. पुस्तकात सॉव्हिन्याँ ब्लाँसमोर लिहिलेलं : कापलेलं गवत, सिमला मिरची. शिराझपुढे : काळी मिरी. जुन्या लाल वाइनपुढे : चामडं, तंबाखू. ही म्हणाली, "यातलं निम्मं माझ्या भाजीच्या टोपलीत आहे." मला चामडं आणि तंबाखू ओळखीचं वाटलं. आमच्या शाखेच्या स्ट्राँगरूमला तोच वास आहे. फक्त त्याला कुणी पेल्यात ओतून किंमत लावलेली नाही.

आणि सगळ्यांत नवल म्हणजे थुंकायची सोय. जाणकार मंडळी घोट घेतात, तोंडात घोळवतात आणि शेजारच्या भांड्यात टाकून देतात, म्हणजे दहाव्या पेल्यालाही डोकं जागेवर. माझ्या आजोबांची पितळी पिकदाणी होती, तिचंच हे गोरं भावंड. जन्मभर 'येथे थुंकू नये' वाचत आलेल्या माणसाला 'इथं थुंका' असं अदबीनं सांगणारी जागा भारतात आहे, हे वाचून मन भरून आलं.

आता खऱ्या अडचणीकडे येतो.

आई शहात्तर वर्षांची. गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरी दारू हा शब्द कुणी उच्चारत नाही. फटाक्यांच्या दारूलासुद्धा मसाला म्हणतात. आईचं माहेर निफाडजवळचं. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, घरात सर्वांत हुशार. मला आठवतो तो खिशात हरभऱ्याचे घाटे घालून येणारा आणि दोन बोटं तोंडात घालून शीळ वाजवणारा. तो हातभट्टीच्या नादाला लागला. चार वर्षांत विहिरीखालची दोन एकर गेली, त्यापाठोपाठ तोही गेला. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. आईनं माळ घातली ती त्या साली. पुन्हा त्या शिवारात तिनं पाय ठेवला नाही.

२०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा घरोघरी टीव्हीवर वाद पेटला होता, वाइन म्हणजे दारू की दारू नव्हे. आई वाती वळत ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "ही काही दारू नव्हे, असंच माझा भाऊबी पहिल्यांदा म्हणाला होता." आणि वाती वळायला लागली. त्या दिवशी आमच्या घरातला टीव्ही लवकर बंद झाला.

अशा घरात ही वही. ही म्हणाली, "लपवायचं नाही. त्यांना सरळ दाखवा." मी वही आईपुढे ठेवली. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण हरिपाठ वाचता वाचता कुठलंही अक्षर सोडत नाही. चष्मा लावून सगळं पान वाचलं. मिलिलिटरचा हिशेबसुद्धा.

"नऊ दिवस मी कुणाकडं?"

"ताईकडे. ठाण्याला."

"तिच्याकडं नको. मी येते."

"अगं आई, पण तिथं..."

"वाचता येतं मला. मधी रेघ मारलीयस ना? डावीकडं तुमचं राहू दे. उजवीकडं माझं लिही."

आणि आमचं अंदाजपत्रक पुरं बदललं. संजेगावपुढे आलं सर्वतीर्थ टाकेद, जटायूचं. गंगापूर रस्त्यापुढे रामकुंड आणि पंचवटी. यॉर्कच्या दिवसापुढे त्र्यंबकेश्वर, कारण तिथं निवृत्तिनाथांची समाधी आहे आणि वारकऱ्याला आधी थोरला भाऊ. दिंडोरीपुढे वणीची सप्तशृंगी. नारायणगावपुढे ओझरचा विघ्नेश्वर, जमलं तर लेण्याद्री. (नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात असं मी बोलून गेलो. "पंढरीच ना?" म्हणून आईनं तेही उजवीकडे घ्यायला लावलं.) अकलूजला तर काही शोधावंच लागलं नाही. तुकोबांची पालखी अकलूजवरूनच जाते. पुढचा मुक्काम पंढरपूर.

एक रकाना रिकामा राहिला नाही. मी थक्क होऊन पाहत राहिलो. मग ध्यानात आलं, यात नवल कसलं? जिथं पाणी चांगलं, हवा चांगली, तिथं माणूस आधी देव बसवतो आणि मग द्राक्षं लावतो. देवांनी जागा नुसत्या आधी पाहून ठेवल्या होत्या.

शेवटच्या ओळीत आईनं पेन्सिल घेऊन स्वतःच्या हातानं लिहिलं : 'निफाडचं शिवार. उतरायचं नाही. गाडी हळू न्यायची.' आणि वही मिटताना अट घातली, "तिथं काय करायचं ते करा. बाटली या घरात यायची नाही."

एलएफसी मंजूर करणाऱ्या साहेबांनी अर्ज वाचला. सर्वांत लांबचं ठिकाण पंढरपूर. "पंढरपूरला इगतपुरी-दिंडोरीवरून?" त्यांनी विचारलं. म्हटलं, वाटेत आईची तीर्थं आहेत. साहेबांनी सही केली आणि "श्रावणबाळ आहात हो" म्हणाले. कावडीचं दुसरं पारडं त्यांनी विचारलं नाही. शेजारच्या वहिनींना 'दिंडोरी' एवढाच शब्द ऐकू गेला. दिंडोरी म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला स्वामी समर्थांचं केंद्र आठवतं. त्यांनी हिच्या हातात अकरा रुपये ठेवले, "माझ्या नावानं वाहा." ते अकरा रुपये वेगळ्या पाकिटात घालून, वर नाव लिहून, रीतसर केंद्रात पोचवले. परक्याची ठेव ती.

दौऱ्याचं सगळं वर्णन करत बसत नाही. आखणी जमली की दौरा आपसूक होतो. पण काही नोंदी ठेवण्यासारख्या आहेत.

सुलाच्या गच्चीवर आई द्राक्षांच्या रांगांकडे तोंड करून, स्वतःची पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली. आम्हाला चाखायला देणारा पोरगा नाव सांगू लागला, "ही शेनँ ब्लाँ." आई दचकून म्हणाली, "शेण?" त्यानं बिचाऱ्यानं पुढची सगळी नावं तिच्यापासून लांब जाऊन सांगितली. पण नंतर मात्र तिनंच त्याला पकडला. वेल किती वर्षं टिकते? करार किती सालांचा? शेतकऱ्याला भाव कसा देता? तो म्हणाला, साखर मोजून. बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. तिनं त्याच्याकडून एक मणी मागून खाल्ला. बारीक, जाड सालीचा, आत बिया. "खायचं द्राक्ष नव्हं हे," तिनं निकाल दिला. पोरगा खूष झाला. "बरोबर आजी! लाल वाइनचा रंग त्या सालीतूनच येतो."

मग त्यानं सांगितलं की या कंपनीचे मालक राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, इथं वडिलार्जित जमिनीवर द्राक्षं लावली, २००० साली पहिली वाइन बाजारात आणली, आणि नाव दिलं ते आपल्या आईचं. सुलभा, म्हणून सुला.

आई जरा वेळ गप्प. "आईचं नाव बाटलीवर?" म्हणाली. आणखी जरा वेळानं माझ्याकडे वळली. "तू कशाला दिलंयस रे माझं नाव?"

"प्रॉव्हिडंट फंडाला. वारस म्हणून. लग्नाआधी."

"आणि लग्नानंतर?"

मी समोरचा पेला उचलून गरगरा फिरवायला लागलो. ही हसत होती. दुसऱ्या दिवशी यॉर्कला कळलं की ते नाव मूळ मालकांच्या तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून केलेलं. २०२१ साली सुलानंच ती वायनरी विकत घेतली, म्हणजे आता मुलं आजीच्या घरी आली म्हणायची. हिनं आमच्या दोन मुलांची आद्याक्षरं जुळवून पाहिली. जे निघालं ते बाटलीवर तर नाहीच, पण दारावरच्या पाटीवरही लावण्यासारखं नव्हतं.

हिला सिमला मिरचीचा वास खरोखरच आला. मला काय आलं विचाराल, तर पहिल्यांदा आंबट, मग जरासं तुरट आणि शेवटी, गार झालेल्या कोकमाच्या सारात कुणीतरी मोठं शिक्षण घालावं तसं काहीतरी. मध्ये एकादशी आली. हेडकॅशिअरांनी आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, "उपासाला द्राक्षं चालतात ना? मग झालं तर!" तो दिवस आम्ही मिसळीच्या ऐवजी साबुदाण्याच्या खिचडीवर काढला आणि डावा रकाना कोरा ठेवला.

आणि निफाड.

हमरस्ता सोडून गाडी आत वळली तेव्हापासून आई खिडकीला टेकलेली. गाडी हळूच होती. एका बागेपाशी ती म्हणाली, "थांब." लिहिलं होतं उतरायचं नाही, पण वही तिच्याच मांडीवर होती. ती उतरली. विहीर होती. काठाचे दगड तेच होते म्हणे. बागेत माझ्याच वयाचा एक माणूस फवारणीचा पंप धूत होता. आईनं आपल्या वडलांचं नाव सांगितलं. त्यानं हात पुसले, खाटेवरची पोती झटकली आणि म्हणाला, "बसा ना, आत्या."

गावच्या लेकीला गावातल्या पुढच्या पिढीनं आत्या म्हणायचं असतं. चाळीस वर्षांत तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. ती खाटेवर बसली आणि पदरानं चष्मा पुसायला लागली, तो बराच वेळ पुसत राहिली.

त्यानं सांगितलं, त्यानंही २००६-०७ च्या सुमाराला वाइनची द्राक्षं लावली होती, एका वायनरीशी करार करून. २००८-०९ ची मंदी आली, माल उचलायला कुणी येईना. टँकरच्या पाण्यावर जगवलेली बाग शेवटी कुऱ्हाडीनं काढली. आसपास पुष्कळांनी काढली. आता थॉमसन आहे, खायचं द्राक्ष. गारपीट नाही झाली तर दोन पैसे देतं.

आई म्हणाली, "माझ्या भावानं दारूत जमीन घालवली. तू दारूच्या भरवशावर जमीन राखायला निघालास. दोघांचंबी जमिनीनं ऐकलं नाही."

तो हसला. "पोटापुरतं ऐकते अजून, आत्या."

"विहिरीला पाणी?"

"मेपर्यंत पुरतं."

"मग झालं." तिनं काठावर हात टेकून आत वाकून पाहिलं. निघताना त्यानं दोन घड टॉवेलात बांधून दिले. गाडीत तिनं ते सर्वांना वाटले, आधी ड्रायव्हरला. मग माझी पेन्सिल मागितली, आणि आम्ही कारकून पडताळलेल्या रकमेपुढे करतो तशी, अगदी तशीच बारीक बरोबरची खूण त्या शेवटच्या ओळीपुढे केली. इतक्या वर्षांत माझं काम काय आहे हे तिनं कधी विचारलं नव्हतं. पाहत मात्र असावी.

अकलूज झालं. पंढरपूर झालं. बाटली घरी आली नाही; नऊ दिवस उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत वाइन ठेवू नये असं पुस्तकातही लिहिलंच होतं, तेव्हा आईचं आणि पुस्तकाचं इथं एकमत झालं. हेडकॅशिअरांनी चार बाटल्यांसाठी दिलेली अनामत रक्कम मी पाकिटासकट परत केली आणि वर पंढरपूरच्या बाजारातून आणलेले दोन किलो बेदाणे ठेवले.

त्यांनी नोटा सवयीनं दोनदा मोजल्या. मग पुडा उलटसुलट करून पाहिला. "हे काय?"

"द्राक्षंच. फक्त पाणी काढून घेतलेली."

चार वाजता त्यांनी ते सगळ्या शाखेत वाटले. कोण काय विचारेल त्याला सांगत होते, "वाइनच्या दौऱ्यावरचे आहेत, वाइनच्या!" काउंटरसमोर एक पेन्शनर गृहस्थ पासबुक भरून घ्यायला उभे होते. त्यांनाही चार दिले. त्यांनी ते तोंडात टाकले, चावता चावता थांबले, डोळे मिटले आणि खिडकीची कड घट्ट धरून हळूच म्हणाले, "हं... किंचित लागतंय."